चाकाच्या दातातला पिवळा तुकडा

१

सूतिकागृहाची मोटार बुधवारी दुपारी दोन बैलांनी ओढून आणली. बैल शाहपूरच्या कुणा शेतकऱ्याचे होते आणि त्यांना हे काम मुळीच पसंत नसावं, कारण फाटकाशी येताच दोघंही अडून उभे राहिले. खिडकीतून हात घालून स्टिअरिंग सांभाळत शेजारून चालणारा यादव ड्रायव्हर कुणाच्याच नजरेला नजर देत नव्हता.

गोटूला देवी काढायच्या म्हणून मी तिथं आले होते. त्याला कडेवर घट्ट धरून मी पुढे झाले.

"काय झालं, यादवभाऊ? आत कोण होतं?"

"बाई होती, वहिनी. शाहपूरची. गोदाबाई नर्स संग होत्या म्हणून निभावलं. केळीच्या बागेतच मोकळी झाली. दोघं बरे आहेत." मग तो हळूच म्हणाला, "गाडी चालता चालता गप झाली. ना धूर, ना धक्का. बस, कट् असा आवाज आला, आणि गप."

ही मोटार म्हणजे बुऱ्हाणपूरचा जीव होता. संस्थानं विलीन झाली तेव्हा एका राजेसाहेबांच्या गॅरेजचा लिलाव निघाला होता. गावानं वर्गणी काढून ही गाडी घेतली आणि मागच्या बाजूला फळी टाकून गादी घातली. दोन वर्षांत अडलेल्या त्रेसष्ट बाया तिच्यातून आल्या. त्यातली एक मी. गोटूच्या वेळी मी निंबोल्याला शेतावर होते, दिवस भरायला तीन आठवडे बाकी होते, आणि यादवभाऊ वेळेवर पोचले नसते तर पुढचं मला आजही मनात आणवत नाही.

समितीचे अध्यक्ष प्रभाकरपंत आपलं भांड्यांचं दुकान सोडून धावत आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही, यादवकडे पाहिलं.

"रॉकेल! पेट्रोल बाहेर विकलंस आणि रॉकेल ओतलंस. खरं बोल!"

"पंत, मायची आन..."

"आई मध्ये नको. रविवारी बैठक आहे. तुझाही निकाल लागेल आणि या खटाऱ्याचाही. माझा मेहुणा खंडव्याला न्यायला तयार आहे, तेवढंच."

माझी नणंद कुसुम तुकईथडला आठवा भरून बसली होती. तिचं पहिलं बाळ बैलगाडीच्या धक्क्यांनी खकनारच्या अलीकडेच गेलं होतं, गाडीवानाच्या घोंगडीवर. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की आणायची तर मोटारीतून, आडवी, नाहीतर आणूच नका. येत्या मंगळवारी गाडी तिला आणायला जाणार होती.

रविवारी गाडी विकली, तर मंगळवारी काय जाणार होतं?

२

माझे यजमान सुधाकर त्या समितीचे चिटणीस. रविवारच्या बैठकीत चौकशीचा अहवाल त्यांनीच वाचायचा होता. पण शाळेतून सुटायला त्यांना साडेपाच व्हायचे.

"मी बघून येऊ का?" मी रात्रीच्या पोळ्या लाटता लाटता विचारलं.

"तू? मोटारीतलं तुला काय कळतं?"

"नागपूरला इंटर सायन्स झाले, ते काय लोणची घालायला?"

हे हसले. "जा. पण पंतांशी वाद घालू नकोस."

गुरुवारी सकाळी मी गोटूला घेऊन शेडमध्ये गेले तर गिरधर मिस्त्री आधीच बॉनेट उघडून उभे. गिरधर मिस्त्री पूर्वी त्याच राजेसाहेबांच्या गॅरेजात होते. गाडी बुऱ्हाणपूरला आली आणि तिच्या मागोमाग तेही आले. ते तिला 'बाईसाहेब' म्हणत.

त्यांनी टाकीतून थोडं पेट्रोल काढून माझ्या तळहातावर टाकलं. "फुंका, ताई."

मी फुंकलं. तळहात गार झाला आणि क्षणात कोरडा.

"तेलकट लागतं?"

"नाही."

"रॉकेल असतं तर दिवसभर हात तेलकट राहिला असता, वासही गेला नसता. यादवच्या नावाचं ते झालं फिनिश."

कोपऱ्यात उकिडवा बसलेला यादव पहिल्यांदा मान वर करून बघू लागला.

मग मिस्त्रींनी एक काळी टोपी उघडली. आतून जाड तारा निघाल्या होत्या. टोपीखाली बोटाएवढा एक काटा होता. "हा रोटर. इंजिन फिरलं की हा फिरतो आणि प्रत्येक सिलिंडरला करंट वाटतो. यादव, हँडल मार! ताई, तुम्ही काट्यावर नजर ठेवा."

यादवनं पुढून हँडल घातलं आणि फिरवलं. पंखा गरगरला, पट्टा फिरला. हँडल इतकं हलकं फिरत होतं की यादव पडता पडता वाचला.

"काटा फिरला?"

"नाही."

"नीट बघा."

"मिस्त्री, माझ्या कडेवर हा एवढा फिरतोय, पण तुमचा काटा जागचा हलत नाही."

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "मग टायमिंगचं चक्कर गेलं."

त्यांनी धुळीत बोटानं दोन चक्रं काढली. खालचं लहान, लोखंडाचं, इंजिनच्या दांड्यावरचं. वरचं मोठं, फायबरचं म्हणजे दाबलेल्या कापडाचं, आवाज होऊ नये म्हणून. लहान मोठ्याला फिरवतं, आणि मोठं व्हॉल्व आणि रोटर दोन्ही चालवतं. मोठ्याचे दात गेले की खाली दांडा नुसता फिरत राहतो आणि वर सगळं मेलेलं.

"पण मिस्त्री, ते चक्कर तर तुम्ही दसऱ्यालाच बदललं होतं ना?"

"बदललं. जुनं झिजलं होतं. हँडल पुढेमागे हलवलं की रोटर दोन बोटं उशिरा हलायचा, आणि गाडी उभी असताना खडखड. म्हणून नवं घातलं." त्यांचा आवाज चढला. "नवं चक्कर तीन महिन्यांत जात नाही, ताई! बारा वर्षं जात नाही!"

शुक्रवारी दुपारी पुढचं झाकण निघालं. मोठ्या चक्राला एका बाजूला आठ दात नव्हते, उंदरानं कुरतडल्यासारखे. आणि लहान चक्राच्या दोन दातांच्या मध्ये काहीतरी घट्ट अडकून बसलेलं होतं.

मिस्त्रींनी ते पेचकसानं उपसून पेट्रोलात बुडवलं. नखाएवढे दोन तुकडे. काळं तेल उतरलं आणि ते पिवळे चमकले.

"पितळ," मिस्त्री म्हणाले. "ताई, इथं आत पितळ कुठंच नाही. हे बाहेरून कुणीतरी टाकलंय."

३

बाहेरून टाकायचं तर वाट एकच होती. या गाडीचं तेल घालायचं तोंड इंजिनच्या पुढच्या बाजूला, नेमकं त्या चक्रांच्या डब्यावर होतं. पितळेचं फिरवायचं झाकण, त्याखाली सरळ नळी.

"नळीत जाळी नसते का?" मी विचारलं.

मिस्त्री खाकरले. "असते. सडली होती. दसऱ्याला काढली. नवी लावायची..." त्यांनी पुढचं वाक्य गिळलं.

"झाकणसुद्धा पितळेचंच आहे. त्याचाच तुकडा नसेल?"

मी झाकण काढून उलटसुलट पाहिलं. कुठंही कपचा उडालेला नव्हता. मी एक तुकडा अहवालासाठी मागून घेतला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला, गोटूच्या तोंडात जाऊ नये म्हणून. हातात येईल ते तोंडात, असं त्याचं त्या महिन्यात चाललं होतं.

शेडला दार नव्हतं, पण समोरच गोदाबाईंची खोली होती. गोदाबाई सूतिकागृहाच्या नर्स. त्रेसष्ट बायांतल्या निम्म्या त्यांच्या हाती मोकळ्या झालेल्या. पांढरं पातळ, मोकळं कपाळ. बारा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले आणि त्यांनी नर्सिंगचं शिक्षण घेतलं.

"बसा, निर्मलाबाई. चहा टाकते." त्यांनी गोटूला उचलून घेतलं. "हा बदमाश माझ्या हातावर आला होता. पायाळू येतो की काय म्हणून घाम फोडला होता यानं."

"गोदाबाई, गेल्या पंधरा दिवसांत गाडीजवळ कोणकोण आलं?"

त्या विचारात पडल्या. "यादव तर रोजचा. तो रोज सकाळी तेल बघतो, पाणी बघतो, आणि बायकांना लेक्चर देतो. 'मावशी, हे तिचं तोंड, हे तिचं पोट, इथं घातलं की तिच्या अंगी लागतं.' बायका हसून हसून बेजार. गिरधर मिस्त्री एकदा आवाज ऐकायला आले. आणि..." त्यांनी दाराकडे पाहून आवाज उतरवला. "पंत आले होते. त्यांच्या खंडव्याच्या मेहुण्याला घेऊन. बॉनेट उघडून बघत होते दोघं. यादव जेवायला गेला होता तेव्हा."

"पंत?"

"मी नाही सांगितलं हं."

प्रभाकरपंतांचं दुकान भांड्यांचं होतं. मागच्या बाजूला दिवसभर पितळ ठोकलं जायचं, आणि दुकानाच्या पायरीवर पिवळ्या कपच्या पडलेल्या असायच्या. गाडी मेली तर त्यांच्या मेहुण्याला ती कवडीमोलानं मिळणार होती.

शनिवारी सकाळी मी यादवला शेडमध्ये एकटं गाठलं. तो गाडीचा आरसा पुसत होता. चार दिवस गाडी हललेली नव्हती, तरी.

"यादवभाऊ, बॉनेट उघडलेलं तुम्हाला कधी दिसलं?"

"एक बार. जेवून आलो तर पंत आणि त्यांचा साला इंजिनात तोंड घालून उभे. मी म्हटलं, काय पाहिजे साब? तर म्हणे, नंबर बघतो." तो थांबला. "वहिनी, पण तेलाचं झाकण बंद होतं. ते मी रोज एका खुणेवर बंद करतो. त्या दिवशी खुणेवरच होतं."

"आणि कधी खुणेवर नव्हतं?"

त्यानं आरशातल्या स्वतःकडेच पाहिलं. "नव्हतं. एकदा. मला वाटलं, मीच विसरलो. संक्रांतीच्या आधी, नव्या महिन्याचा दुसरा दिवस होता. कारण आदल्या दिवशी पगार झाला होता."

नव्या महिन्याचा दुसरा दिवस म्हणजे दोन जानेवारी. गोटूचा पहिला वाढदिवस.

झाकण खुणेवर होतं, तरी पंतांवरचा माझा संशय जात नव्हता. मी पंतांचं नाव ह्यांच्यापुढे ठेवलं तर हे ते तसंच अहवालात लिहिणार होते. ह्यांच्या शाळेच्या मंडळावरही पंतच होते.

४

दुपारी मी मोरीवर धुणं घेऊन बसले. गोटूची दुपटी, त्याच्या लाळेची फडकी, आणि सकाळी बदललेलं माझं लुगडं. तुकडा मी सकाळीच पदरातून सोडून काचेच्या वाटीत ठेवला होता. तो सोडला तेव्हा त्या ठिकाणी पिवळा डाग पडलेला होता.

तेव्हाच थांबायला हवं होतं मी. पण गोटू रांगत चुलीकडे निघाला होता, आणि मला एका वेळी एवढंच सुचत होतं.

डागावर साबणाची वडी घासली.

डाग लाल झाला.

नुसता लाल नाही, कुंकवासारखा. माझा हात जागीच राहिला. पितळाचा डाग पडत नाही. आणि साबण लागला की पिवळ्याचं लाल होणारी एकच गोष्ट माझ्या घरात होती, प्रत्येक घरात होती. कॉलेजात तिचा रंग कागदावर लावून क्षार ओळखायला शिकवला होता आम्हाला, आणि त्या दिवशी आम्ही पोरी हसलो होतो, की यासाठी नागपूर कशाला, आमच्या आया कुंकू असंच तर करतात.

मी ओल्या हातांनी वाटी काढली. तुकडा बोटांत धरला आणि तेव्हा कुठं लक्षात आलं. तो हलका होता! कालपासून पदरात बांधून हिंडले आणि त्याला वजनच नव्हतं, हे मला कळू नये? आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, पानाच्या डब्यातला चुना नखावर घेऊन मी त्याच्या कडेला लावला.

कड लाल झाली.

हळकुंड. दगडासारखं वाळलेलं, चांगलं पॉलिश केलेलं हळकुंड.

मोटारीच्या पोटात हळकुंड कोण टाकतं?

मी तिथंच ओल्या पायांनी बसून राहिले, आणि माझ्या मनात दोन तारखेचा दिवस एकेक करून उलगडत गेला. गोटूला ओवाळलं. जेवणं झाली. आत्याबाई ताटात खण, नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड घेऊन घराबाहेर पडल्या. कुठं, विचारलं तर म्हणाल्या, "दवाखान्यात. नवस होता. ओटी भरून येते." तासाभरानं परतल्या तेव्हा खण आणि नारळ ताटात तसेच होते. मी विचारलं नाही. मनात म्हटलं, गोदाबाईंनी घेतला नसेल.

पण गोदाबाईंच्या कपाळाला कुंकू नाही. आमच्या आत्याबाई विधवेची ओटी भरायला कधी जाणार नाहीत. डॉक्टरीणबाई तर बुधवारीच खंडव्याहून येतात, आणि दोन तारखेला मंगळवार होता. त्या दिवशी सूतिकागृहात एकही बाळंतीण नव्हती, गोदाबाईंनीच मला मागे सांगितलं होतं.

मग ओटी कुणाची भरली?

५

आत्याबाई माजघरात गोटूसाठी टोपरं विणत होत्या. मी समोर बसले. काचेची वाटी पुढे ठेवली.

"आत्याबाई, गोटूच्या वाढदिवसाला तुम्ही कुणाची ओटी भरली?"

सुई थांबली.

"का गं?"

"सांगा ना."

"हसशील."

"नाही हसणार."

त्यांनी मान खाली घातली. साठीच्या बाईच्या चेहऱ्यावर मी तशी लाज कधी पाहिली नव्हती. "मोटारीची. तुला घेऊन ती निंबोल्याहून निघाली ना, तेव्हा मी मागे ओसरीत उभी होते. म्हटलं, माय, माझी सून आणि पोर नीट आण, वर्षानं तुझी ओटी भरीन. आणलं तिनं. मग भरायला नको?"

"पण तिला पदर कुठाय, आत्याबाई?"

"तेच तर! सीटवर ठेवलं तर कुणी तरी बसणार. वरती ठेवलं तर वाऱ्यानं जाणार. तुझा तो यादवच म्हणतो ना, हे तिचं पोट, इथं घातलेलं अंगी लागतं. तो चहा प्यायला गेला होता. झाकण फिरवलं आणि पाच चिमट्या तांदूळ, सुपारी आणि हळकुंड सोडलं आत. नारळ काही जाईना." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या एकदम थबकल्या. "काय झालं गं, निर्मले?"

मी वाटीतल्या तुकड्याकडे बोट केलं आणि काय झालं ते सांगितलं. सगळं. चक्रं, दात, शाहपूरचा रस्ता, केळीच्या बागेत मोकळी झालेली बाई. शेवटी रविवारची बैठक.

त्यांनी टोपरं बाजूला ठेवलं.

"म्हणजे कुसुमची गाडी मीच मारली."

"तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"तिची आई आहे मी. मला माहीत नको?"

मला वाटलं होतं, अहवालात कुणाचंच नाव येऊ द्यायचं नाही. 'बाहेरची वस्तू पडली' एवढंच लिहायचं. पण मग यादव? बाहेरची वस्तू पडली ती यादवच्या राखणीत, असंच म्हणणार होते पंत. मी ते बोलून दाखवलं.

"मग नाव लिही," आत्याबाई म्हणाल्या. "आणि लिहून काय उपयोग, मी स्वतःच येते."

हे शाळेतून आले तेव्हा आम्ही दोघींनी मिळून त्यांना सांगितलं. ते आधी हसले, मग गंभीर झाले, मग परत हसले. "पण पुरावा? पंत म्हणतील, ड्रायव्हरला वाचवायला घरचीच कथा रचली."

"पुरावा आहे," मी म्हणाले. "फक्त तो अजून गाडीच्या पोटात आहे."

६

रविवारी शेडमध्येच बैठक भरली, कारण मी तशी विनंती केली होती. खुर्च्यांवर समितीचे लोक, फाटकाशी बघे. यादव नवा सदरा घालून आला होता, फाशी जाणारा घालतो तसा. प्रभाकरपंतांनी घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं.

ह्यांनी अहवाल सुरू केला. पेट्रोल शुद्ध होतं. रोटर फिरत नव्हता, म्हणून दोष टायमिंगच्या चक्रात. चक्रात अडकलेला तुकडा पितळेचा वाटला, पण पितळ नव्हे. मी चुन्याची डबी पुढे केली. मिस्त्रींनी आपल्याकडचा दुसरा तुकडा चुन्यावर घासला आणि लाल झालेलं बोट सगळ्यांना दाखवलं.

"हळद?" पंत म्हणाले. "मोटारीत? ड्रायव्हरनं भाजी शिजवली का?"

बघे खिदळले.

"पंत," मी म्हणाले. मी गोटूला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मिस्त्रींनी इंजिनच्या खालचा तेलाचा डबा अजून उघडलेला नाही. जोडावरचं सील तसंच आहे, तुम्ही बघा. त्यात काय आहे ते मी आधी सांगते. तांदूळ. आणि एक अख्खी सुपारी. ते नसेल तर यादवभाऊंना काढा, गाडी विका, मी एक शब्द बोलणार नाही."

पंतांनी वाकून सील पाहिलं. "उघड रे."

मिस्त्री गाडीखाली सरपटले. पान्याचा आवाज झाला. तेलाची धार परातीत पडली, मग डबा खाली आला. तळाशी काळा चिखल. मिस्त्रींनी त्यात बोटं घालून मूठ बाहेर काढली आणि फडक्यावर पुसली.

तांदूळ. तेलात भिजून तपकिरी झालेले, पण तांदूळच. आणि त्यांच्यामध्ये गोल, गुळगुळीत सुपारी.

फाटकाशी उभे असलेले बघे पुढे सरकले.

"हळकुंड पंधरा दिवस वर चक्रांच्या डब्याच्या कोपऱ्यात बसून राहिलं असणार," मिस्त्री म्हणाले. "शाहपूरच्या रस्त्याला धक्का बसला आणि चक्रात गेलं. चूक माझीबी आहे. जाळी लावली असती तर हे वरच अडलं असतं."

"पण टाकलं कुणी?" पंत उभे राहिले. "कुणाचं काम हे?"

"माझं."

आत्याबाई बायकांच्या घोळक्यातून पुढे आल्या. डोक्यावरून पदर घेतलेला, हातात रिकामं ताट. त्यांनी नवस सांगितला, जसा मला सांगितला होता तसाच, नारळ जाईना इथपर्यंत. मागे कुणीतरी हसलं आणि मग गप्प झालं, कारण आत्याबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दंड करा, पंत. माझ्या सोन्याच्या पाटल्या आहेत. पण या पोराला काढू नका. आणि गाडी विकू नका. माझी लेक तिकडे वाट बघतेय."

प्रभाकरपंतांनी घड्याळ उचललं, खिशात घातलं, परत काढलं. मी त्यांच्यावर संशय घेतला होता, हे त्यांना माहीत नव्हतं आणि मी ते कधीच सांगणार नव्हते.

"बाई, ओटी भरली म्हणून दंड करायचा, तर निम्म्या गावाला करावा लागेल," ते म्हणाले. "पण नवं चक्कर मुंबईहून यायला महिना जाईल. मेलेली गाडी ठेवून करायचं काय?"

"मेलेली नाही, पंत," गिरधर मिस्त्री म्हणाले. ते आपल्या पेटीशी गेले आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. दसऱ्याला काढलेलं जुनं, झिजलेलं चक्र. "राजेसाहेबांच्या गॅरेजात आम्हाला शिकवलं होतं, दात शाबूत असेल ते फेकायचं नाही. हे झिजलंय, पण तुटलं नाही. हळू चालवली तर दोनशे मैल कुठं गेले नाहीत. खडखड करेल. करू द्या."

"तुकईथडला जाऊन यायला सत्तर-पंचाहत्तर मैल," यादव म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा सरळ निघाला.

पंतांनी समितीकडे पाहिलं. मग ह्यांच्याकडे. "लिहा, चिटणीस. मेहुण्याला खंडव्याला पत्र टाका, गाडी विकायची नाही म्हणून."

७

मंगळवारी यादव पहाटे निघाला. गोदाबाई संगे गेल्या. मी दुपारपासून ओट्यावर होते. गोटूला खाऊ घातलं, निजवलं, उठवलं. आत्याबाई आतबाहेर करत होत्या आणि दर वेळी म्हणत होत्या, "मी काही काळजी करत नाही."

पूर्वी ही गाडी कोपऱ्यावर येईपर्यंत कळायची नाही, इतकी गुपचूप यायची. त्या दिवशी मला ती शनवाऱ्याच्या वेशीपासूनच ऐकू आली. खडखड, खडखड, जणू कुणी डब्यात शेंगदाणे हलवतंय. एरवी त्या आवाजानं मी घाबरले असते. त्या दिवशी मी तो मोजत होते. थांबला तर? थांबला नाही.

कुसुम गादीवर आडवी होती. चेहऱ्यावर धूळ, ओठांवर हसू.

"वहिनी, पूर्ण रस्ता हा यादवभाऊ गाडीशीच बोलत होता. 'चल माय, थोडंच उरलं.' मला वाटलं मला म्हणतोय. मी हो हो करत होते."

"तुम्हालापण म्हणत होतो, ताई," यादव म्हणाला.

नऊ दिवसांनी कुसुमला मुलगी झाली, धडधाकट, सात पौंडांची. बाराव्या दिवशी आत्याबाईंनी ताट भरलं. खण, नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड. मी त्यांच्यामागे गोटूला घेऊन सूतिकागृहात गेले.

त्यांना शेडकडे वळताना पाहून यादव बॉनेटसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. "मावशी, हात जोडतो. नवी जाळी कालच लावली."

"सरक रे," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी कमरेच्या किल्ल्यांतून एक बारकं कुलूप किल्लीसकट काढलं, त्यांच्या लोणच्याच्या कपाटाचं, आणि त्याच्या हातावर ठेवलं. "हे त्या झाकणाला लाव. किल्ली माझ्या हाती कधी देऊ नको."

मग त्या वळल्या. गोदाबाई आपल्या दारात उभ्या राहून हसत होत्या. आत्याबाई ताट घेऊन त्यांच्यासमोर जाऊन थांबल्या.

"पदर पुढे कर, गोदा."

गोदाबाईंचं हसू मावळलं. त्यांचा हात आपोआप मोकळ्या कपाळाकडे गेला. त्या एक पाऊल मागे सरल्या.

"माझी कशी, मावशी? माझे यजमान..."

"माझा नातू तू आणलास. त्या केळीच्या बागेतलं पोर तू आणलंस. परवा माझ्या लेकीची लेक तू आणलीस." आत्याबाईंनी नारळ उचलला. "आणि त्या मोटारीची ओटी भरली, तेव्हा तिचा नवरा कुठाय, असं विचारलं होतं का मी?"

यादवनं तोंड फिरवून आरसा पुसायला घेतला. गोटू ताटातल्या हळकुंडाकडे झेपावला आणि मी त्याची मूठ पकडली.

गोदाबाईंनी दोन्ही हातांनी पदर पसरला.